नानाची एक पायरी माझ्याकडे होती

फोनमध्ये मागे कसलाच आवाज नव्हता, म्हणून तो नानाच्या कारखान्यातून आला आहे हे मला आधी कळलंच नाही. एरवी सुरतेतल्या उधन्याच्या त्या कारखान्यातून फोन आला की लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट आधी ऐकू यायचा आणि माणूस नंतर. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला पलीकडचा ओडिया कारागीर हळू आवाजात म्हणाला, "भाईसाब, काकाजी नीचे बैठ गए हैं... उठ नहीं रहे." त्यांनी मशीनं बंद केली होती. पस्तीस वर्षं नाना त्या मशीनांपुढे उभा राहिला, आणि त्याच्यासाठी ती थांबली ती तेवढीच एकदा. मी पर्वत पाटिया भागातून रिक्षाने पोहोचलो तोवर सगळं संपलं होतं.

नाना माझा सख्खा थोरला भाऊ. अमळनेरच्या पुढे आमचं गाव. आठवीतून उठून तो मामाबरोबर सुरतेला आला आणि लूमवर लागला. मी मागे राहिलो, बारावी झालो, आणि मग त्याच्याच ओळखीने इथे कापड मार्केटात पार्सलच्या चिठ्ठ्या लिहायला लागलो. तो मला थट्टेने 'साहेब' म्हणायचा. त्या थट्टेत हेवा नव्हता. असता तर आज मला थोडं सोपं गेलं असतं.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी जेवताना तो म्हणाला, "साहेब, माले दहावीले बठनं शे." आम्ही हसलो. माझी बायको तर ठसका लागेपर्यंत हसली. नानाही हसला आणि म्हणाला, "कारखानामा बाकीना लोके दहावी फेल तरी शेतस. माले तर फेल व्हवानाबी चान्स नही भेटना." पास होण्याचं त्याने कधी बोलून दाखवलं नाही. त्याला एकदा त्या बाकावर जाऊन पेपर लिहायचा होता, एवढंच.

आणि मग त्याने जे केलं ते मी जवळून पाहिलं. गावाहून मागवलेली दहावीची जुनी पुस्तकं त्याने शिवण उसवून सुटी केली. रोज एक पान डब्यासोबत न्यायचं आणि मशीनच्या लोखंडी पट्टीवर भिजवलेल्या कणकेचं बोट लावून चिकटवायचं. त्याच्याकडे बारा मशीनं. धागा कुठे तुटला ते बघत कारागीर दिवसभर त्यांच्या मधून फेऱ्या मारत असतो. नाना प्रत्येक फेरीला एक ओळ वाचायचा आणि पुढची फेरी होईपर्यंत ती तोंडात घोळवायचा. त्या आवाजात मोठ्याने म्हटलं तरी कुणाला ऐकू जात नाही, हा एक फायदाच होता. मी म्हणालो, "नाना, असं किती वर्षं चालेल?" तर म्हणे, "मशीन एक येळले एकच धागा टाकस ना? तरी सांजले ताका उतरस." ताका म्हणजे कापडाची पूर्ण गुंडाळी. पुढे किती पानं उरली ते त्याने कधी मोजलं नाही, आजचं तेवढं बघितलं. घरी आल्यावर वहिनी भाकरी थापायला बसायची आणि विचारायची, "आजनं पान पचनं का?" तिला अक्षरओळख नाही. नाना ते पान तिला तोंडी सांगायचा. अडखळला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पान मशीनवर. भूमितीचं एक पान तर अकरा दिवस तिथेच होतं.

गेल्या श्रावणात त्याची तयारी झाली. बाहेरून परीक्षेला बसायचं तर गावच्या शाळेत अर्ज द्यायचा होता आणि तिथूनच त्याचा जुना दाखला काढायचा होता. आमच्या भाऊबंदांत त्या वर्षी कानबाई, आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी, आमच्या घरी बसणार होती. मी गावी जाणारच होतो. खाडा केला तर मशीनं दुसऱ्याला जातात, म्हणून नाना थांबला. त्याने हाताने लिहिलेला अर्ज, फोटो आणि आधारची झेरॉक्स एका पाकिटात घालून ते पाकीट माझ्या हातात दिलं. "सोमवारले शाळा उघडी राहस," म्हणाला.

कानबाई रविवारी बसते, सोमवारी तिचं विसर्जन. सोमवारी सकाळी डफ वाजायला लागला आणि मी नाचलो. खूप नाचलो. मिरवणूक त्या शाळेवरूनच गेली. दुपारी घरी येऊन कानबाईच्या नैवेद्याचे रोट खाल्ले, ते भाऊबंदांनीच संपवायचे असतात म्हणून आग्रहाने पुन्हा खाल्ले आणि झोपलो. पाकीट आठवलं ते मंगळवारी, गाडी नंदुरबार सोडून पुढे आल्यावर.

अजून वेळ होता. हे मला लिहायलाच हवं. मुदत संपायला पंधरा-सोळा दिवस होते, आणि गाव काही सातासमुद्रापार नाही. मी म्हणालो, पुढच्या रविवारी जाऊ. मग लक्षात आलं, रविवारी शाळा बंद. मग म्हणालो, रजा काढू... आणि काढली नाही. त्याला सांगितलं, "शाळेवाले म्हणतात, मुदत संपली. पुढच्या वर्षी या."

नाना माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बरं व्हयनं. एक वरीस फुकटमा भेटनं. पयलाफाईन सुरू करसू. तू मन्हासाठे हेलपाटा कया, जेवी ले आते." मी जेवलो. दुसऱ्या दिवशी त्याने पहिलं पान पुन्हा मशीनवर लावलं. तो इतक्या पायऱ्या एकटाच चढला, त्यातली एकच माझ्याकडे होती.

नानाच्या दहाव्यानंतर मी वहिनीला सगळं सांगितलं. ती परातीपुढे बसली होती. ती पीठ मळत राहिली. मग म्हणाली, "फॉर्म राहना ते राहना. त्यास्ले सांगाले पाहिजे व्हतं. सालभर ते सोताले समजाडत राहनात." मी माफी मागितली. उठताना एवढंच म्हणाली, "यंदा मुदत सराना आगुदर शाळामा जाय. सांगी ये, हाऊ माणूस परीक्षाले बठणार व्हता."

मागच्या आठवड्यात मी तेच पाकीट घेऊन शाळेत जाऊन आलो. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "विद्यार्थी कुठे आहे?" मी सांगितलं, वारला. "मग अर्ज कशाला आणलात, काका?" म्हणालो, "तो येणार होता, एवढं सांगायला आलो." तो नाव आणि साल विचारून आत गेला आणि धुळीने भरलेलं एक जाड रजिस्टर घेऊन आला. नानाचं पूर्ण नाव तिथे निळ्या शाईत होतं. शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात लिहिलं होतं, 'सुरत येथे कामास गेला.' कारकुनाने न मागता त्या पानाची झेरॉक्स काढून दिली.

सुरतेला उतरून मी तडक वहिनीकडे गेलो आणि कागद तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला.

"काय लिखेल शे?"

मी वाचून दाखवलं. नाव, जन्मतारीख, इयत्ता, आणि शाळा सोडून सुरतेला गेला ते.

"आनि परत येणार व्हतात," ती म्हणाली, "ते नही लिखेल?"

"नाही, वहिनी."