महेंद्र सरांचे उघडे कॉम्प्युटर

शिरूरला एसटी स्टँडमागच्या बोळात महेंद्र सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. दोन हजार दोन सालच्या हिवाळ्यात वडील मला पहिल्यांदा तिथं घेऊन गेले. मी तेव्हा न्हावऱ्याहून रोज एसटीनं कॉलेजला यायची, आणि गावात बातमी पसरली होती की इथून पुढं कॉम्प्युटरच्या सर्टिफिकेटशिवाय कुठलीच नोकरी लागणार नाही.

आत गेलो तर एकाही कॉम्प्युटरला झाकण नव्हतं. सगळ्या डब्यांची एक बाजू उघडी, आतल्या वायरी बाहेर लोंबत होत्या. मुलं-मुली स्वेटर घालून कुडकुडत बसलेली, आणि स्टुलावरचा टेबल फॅन मात्र त्या डब्यांकडं तोंड करून जोरात फिरत होता.

वडील दारातच थबकले. दुरुस्तीचं काम चालू असेल तर पुढच्या आठवड्यात येतो, म्हणाले.

"न्हाई मामा, क्लास चालूच हाय," सर म्हणाले. "आमचे कॉम्प्युटर असेच असत्यात."

का कोण जाणे, पण या उत्तरावर वडिलांचा विश्वास बसला आणि त्यांनी माझं नाव घातलं. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

सर तेव्हा तिशीचेही नव्हते. सणसवाडीच्या एका कारखान्यात ते आधी पॅकिंगला होते. तिथल्या स्टोअरमध्ये त्यांनी पहिला कॉम्प्युटर पाहिला, आणि जेवणाच्या सुट्टीत स्टोअरकीपरच्या शेजारी बसून तो शिकून घेतला. आपल्या वस्तीतल्या पोरांनी हे यंत्र कारखान्यात जाऊन पहिल्यांदा बघायला नको, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांच्या आईनं, सारजाबाईंनी, घराची पुढची खोली रिकामी करून दिली आणि स्वतःची खाट स्वयंपाकघरात नेली. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लागली, खाली टेबलं मांडली गेली. कॉम्प्युटर मात्र जमेल तेवढ्यात बसवायचे होते. म्हणून सरांनी पुण्याच्या बाजारातून सगळ्यात स्वस्त मदरबोर्ड आणले. खोक्यावर ड्रॅगनचं चित्र होतं. कंपनीचं नाव मात्र आत एक, बाहेर दुसरंच.

असला बोर्ड ज्यानं काढला, त्यानं उभ्या आयुष्यात कॉम्प्युटर जोडला नसावा. मेमरीची पट्टी काढायची तर तिची खिटी शेजारच्या डिस्प्ले कार्डाला अडायची, म्हणून आधी कार्ड काढायचं. कार्डाच्या पोटाखाली तारीख-वेळ सांभाळणारा सेल. हार्ड डिस्कची केबल जिथं लावायची ती जागा अगदी तळाला, त्यामुळं केबल प्रोसेसरच्या पंख्यावरून तिरपी ओढून न्यावी लागे, आणि पंखा ती खाई. बोर्डावर जिथं 'पॉवर' छापलं होतं तिथं रीसेट होतं. आमच्याकडं रीसेटचं बटण दाबलं की कॉम्प्युटर चालू व्हायचा. पुढं नोकरीसाठी बँकेत टायपिंगची चाचणी द्यायला गेले तेव्हा तिथल्या कॉम्प्युटरशीही मी तसंच वागले आणि साहेबांची बोलणी खाल्ली.

बोर्डाचं एक भोक डब्याच्या भोकावर कधीच बसलं नाही. तो कोपरा अधांतरी राहायचा आणि कीबोर्डची पिन खोचली की लवायचा. त्याखाली आम्ही खोडरबर सारला. बोर्ड सारखा तापायचा आणि सारखा उघडावा लागायचा, म्हणून झाकणं लावलीच नव्हती. माउस हलवला की स्पीकरमधून किरकिर यायची. कोण काम करतंय आणि कोण नुसतं बसलंय, हे सरांना पाठमोरं असतानाही कळायचं. शिवाय सेल टिकत नसल्यामुळं रोज सकाळी प्रत्येक यंत्रावर एक जानेवारी उगवायची. माझी मैत्रीण गौतमी आत येतानाच सगळ्यांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायची.

सारजाबाईंना या सगळ्याची गंमत वाटे. चहा घेऊन आल्या की त्या उघड्या डब्यात डोकावायच्या. "जित्राबानं दूध दिलं न्हाई तर इकून टाकत्यात," त्या म्हणायच्या, "तुमी ह्यास्नी वारा घालताय."

पण रोजच्या या कटकटीतून आम्ही शिकत होतो. पुस्तकात टायपिंग आणि तक्ते होते. आमचा अर्धा तास मात्र कॉम्प्युटर उठवण्यात जाई. कुठली पट्टी हलली, कुठली केबल सुटली, किती बीप वाजले म्हणजे काय, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ झालं. सरांनी कधी हात झटकला नाही. पोरींनी आत हात घालू नये, असं एका पालकानं सुचवलं, तेव्हा सर म्हणाले की बंद करून, पिन काढून घातलेला हात कुणाचाच जळत नाही. मग त्यांनी त्या गृहस्थालाच खाली बसवून एक पट्टी बसवायला लावली.

उन्हाळा आला आणि यंत्रं मरायला लागली. आधी एक मध्येच बंद पडलं. मग दुसरं चालूच होईना. मे महिन्याच्या शेवटी परीक्षा आमच्याच क्लासमध्ये व्हायची होती, आणि महिन्याच्या सुरुवातीला निम्मे पडदे काळे झाले होते. सर बोर्ड बदलून घ्यायला पुण्याला गेले, तर ज्या दुकानातून ते आणले होते, तिथं आता चपला विकत होते. सर त्या दिवशी पुण्याहून परत आले ते थेट आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं की ज्यांना दुसऱ्या क्लासात जायचंय त्यांनी जावं, मी बोलून ठेवतो. कुणीच उठलं नाही. गौतमी म्हणाली, "सर, आधी बघू तरी काय झालंय."

आम्ही बोर्ड बाहेर काढून उजेडात धरले. प्रोसेसरच्या भोवती पिंपासारखे छोटे छोटे कंडेन्सर असतात. त्यांची डोकी सपाट असायला हवीत. आमच्या बोर्डांवर ती पुरीसारखी फुगली होती, आणि काहींतून तपकिरी चिकट पाणी आलं होतं. कंडेन्सर म्हटल्यावर सरांना बाजारपेठेतले रखमाजी आप्पा आठवले. आप्पा दौंडच्या रेल्वे कॉलनीत लोकांचे रेडिओ दुरुस्त करत शिकले होते, आणि शिरूरला त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी बोर्ड भिंगाखाली धरला. टीव्हीतही हे असं होतं, पण एवढी बारीक नक्षी मी कधी डागली नाही, जमेल असं सांगत नाही, म्हणाले.

पहिला बोर्ड गेलाच. जुन्या कंडेन्सरचे पाय सोडवताना बोर्डावरची तांब्याची रेघ उचकटून आली. आप्पांनी सोल्डरिंगचं हत्यार खाली ठेवलं.

"ह्यो गेला, महेंद्र. माज्या हातनं गेला."

सरांचा चेहरा पडलेला मला दिसत होता. मग त्यांनी पिशवीत हात घातला आणि दुसरा बोर्ड आप्पांच्या पुढ्यात ठेवला. "आप्पा, हा घ्या," एवढंच म्हणाले.

दुसरा वाचला. त्यानंतर आप्पांनी मला आणि गौतमीला शेजारी बसवून शिकवायला सुरुवात केली, कारण एकट्यानं ते काम परीक्षेपर्यंत उरकलं नसतं. उष्णता किती द्यायची, कधी थांबायचं, हात थरथरला तर श्वास कसा सोडायचा. त्यातही बोर्डानं आपला स्वभाव सोडला नाही. बाजारात मिळालेले कंडेन्सर उंच निघाले, आणि प्रोसेसरचा पंखा त्यांच्यावर टेकायला लागला. पंख्याला जागा सोडायची असते हे बोर्ड काढणाऱ्याच्या गावीही नव्हतं. शेवटी आम्ही ते कंडेन्सर आडवे निजवले. सारजाबाई म्हणाल्या, दवाखान्यात पेशंट ठेवल्यासारखं दिसतंय.

परीक्षेला बाहेरून आलेल्या साहेबांनी ते पेशंट बघितले, खुर्ची जरा मागे सरकवली आणि काही विचारलं नाही. लोडशेडिंगनं दुपारी एकदा दगा दिला, पण भाड्यानं आणलेला जनरेटर वेळेवर लागला. वाचलेली सगळी यंत्रं शेवटपर्यंत चालली. आम्ही सगळे पास झालो. निकालाच्या दिवशी सर खोलीबाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आले. बराच वेळ धुत होते.

वर्षभरानं सणसवाडीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक बोर्ड तपासायला मुली घेत होते. कॉम्प्युटर कधी उघडून पाहिलाय का, असं मला विचारलं. मी खरं तेच सांगितलं: मी तो झाकलेला फारसा पाहिलेला नाही. समोरच्या बाई हसल्या. मी आणि गौतमी दोघीही लागलो. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन सरांकडं गेलो, आणि मी त्यांच्या पाया पडायला वाकले तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"माझं काय घेऊन बसलीस," ते म्हणाले. "बोर्ड चांगले असते, तर मीपण तुमाला नुसतं टायपिंगच शिकवलं असतं."

हे काही पूर्ण खरं नाही. वाईट बोर्ड पुष्कळांनी आणले होते, त्या काळी गल्लोगल्ली होते. बहुतेकांनी ते पोत्यात भरून भंगारात घातले आणि क्लासला कुलूप लावलं. आपल्याला येत नाही हे पोरींसमोर सांगून त्यांच्याबरोबर शिकायला बसणारा माणूस आम्हाला मिळाला.

पुढं चपटे टीव्ही आले आणि आप्पांच्या दुकानात गिऱ्हाईक येईनासं झालं. सर एके दिवशी त्यांचं टेबल, भिंग आणि हत्यारं क्लासमध्ये घेऊन आले. तोपर्यंत क्लास मोठ्या जागेत गेला होता. आठवड्यातून काही दिवस आप्पा दुरुस्ती शिकवणार, असं ठरलं. पहिल्या तासाला मी मुद्दाम सुट्टी काढून गेले होते. आप्पा धुतलेला पांढरा सदरा घालून आले. ते आत शिरताच सगळी मुलं उठून उभी राहिली आणि "गुड मॉर्निंग, सर" म्हणाली.

आप्पांनी मागं वळून पाहिलं, महेंद्र आलाय का म्हणून. मागं कुणी नव्हतं. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मुलांना हातानंच बसायला सांगितलं.