कुंदाच्या रंगाचं माप

मंगळवारी सकाळी कुंदाच्या लेकीचा, नेहाचा फोन आला तेव्हा मी पिशवी भरत होते. हॉस्पिटलात भेटायची वेळ चार ते सहा, पण मी सकाळपासूनच पिशवी भरायला बसायचे. क्रोशाची सुई, अर्धवट शाल, चष्मा, डायरी, पेन. "मावशी, आई गेली," एवढंच नेहा म्हणाली. मी म्हटलं, "बरं, निघते मी." बरं! काय बरं होतं त्यात? पण तोंडातून तेच गेलं. प्रभादेवीहून परळला टॅक्सीने जाताना लक्षात आलं की पिशवी खांद्याला तशीच आहे. आदल्या संध्याकाळी घरी येऊन शालीच्या दोन ओळी जास्त विणल्या होत्या. त्या कुंदाला दाखवायच्या, हेच त्या वेळीही डोक्यात घोळत होतं. पाच आठवडे झाले या गोष्टीला. लोक म्हणतात, लिहा, मन मोकळं होईल. मी लिहायला बसले आहे ती मन मोकळं व्हावं म्हणून नाही. माझ्याकडून एक गोष्ट झाली आहे, ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही म्हणून.

फणसवाडीतल्या आमच्या चाळीत कुंदा आणि मी एकाच मजल्यावर वाढलो. तिचं लग्न त्याच मजल्यावर चार खोल्या पलीकडे झालं, त्यामुळे सासरी जाताना रडायचं कसं यावर आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो होतो. माझं लग्न झालंच नाही. मी बँकेत चिकटले आणि निवृत्त झाल्यावर प्रभादेवीला एका खोलीच्या ब्लॉकमध्ये राहायला गेले. कुंदा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. काचेच्या नळ्या धुणं, आम्लांच्या बाटल्या जागच्या जागी लावणं, मुलांनी सांडलेलं पुसणं हे तिचं काम. नवरा लवकर गेला, नेहाला तिने एकटीने वाढवलं. मला माणसं फार नाहीत. होती ती एक. मी सगळं डायरीत लिहून ठेवते, सिलिंडर कधी लावला, डॉक्टर काय म्हणाले, पापड कुणाकडून आणले, सगळं. त्यावरून ती मला आयुष्यभर चिडवत आली. "ही बाई सरणावर चढतानासुद्धा आधी घड्याळ बघेल आणि वेळ लिहील," असं ती चारचौघींत सांगायची, आणि मी रागावले की स्वतःच चहा टाकायची.

दोरा रंगवण्याचं खूळ तिच्या डोक्यात टाळेबंदीत शिरलं. ती उठल्यावर मी तिच्याकडे जाऊन क्रोशे करायचे, ती बघायची. बाजारातला शेडेड दोरा तिला अजिबात आवडायचा नाही. "दर चार बोटांवर रंग बदलतो गं, बघताना उचकी लागते," म्हणायची. तिला हवा होता तो रंग असा की कुठे बदलला ते कळताच कामा नये. पिवळा म्हणता म्हणता कैरीचा व्हावा, कैरीचा म्हणता म्हणता मोरपंखी. त्यासाठी ती पांढऱ्या सुती दोऱ्याची भली लांब लडी करायची. एक खुर्ची तिच्या दारात, एक गॅलरीच्या टोकाला, आणि दोऱ्याचा गुंडा हातात घेऊन कुंदा या खुर्चीपासून त्या खुर्चीपर्यंत फेऱ्या मारायची. मी मध्ये उभी राहून दोरा खाली लोंबू देत नसे. शेजारचे लोक वाकून खालून जायचे. "कुंदाताई, आज काय, पतंगाचा मांजा?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "हो, तुझाच कापायचाय." मग लडी सोड्याच्या पाण्यात भिजायची. आणि त्यानंतर कुंदा स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची.

त्या दाराच्या आत मला कधीच प्रवेश नव्हता. मशीद बंदरहून आणलेल्या रंगाच्या पुड्या, परात, वाट्या, सगळं आत, आणि मी बाहेर पलंगावर. दोन तासांनी ती प्लॅस्टिकात गुंडाळलेलं ओलं गाठोडं घेऊन बाहेर यायची. एक रात्र ते तसंच मुरायचं आणि सकाळी नळाला पाणी आलं की रंग सुटायचा थांबेपर्यंत धुवायचं. बादलीमागून बादली. मी कितीदा विचारलं, "माप काय तुझं? पिवळा किती, निळा किती?" ती भुवया उडवायची. "सांगेन कधीतरी." प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेली बाई. तिचं माप असणार आणि ते पक्कं असणार, याबद्दल मला कधी शंकाच आली नाही. ओळखीच्या बायका तिच्याकडून दोरा न्यायच्या, पण एखादीने मागच्यासारखाच परत मागितला की ती सरळ सांगायची, "तो रंग संपला, आता दुसरा घे." मला वाटायचं, भाव खाते.

नेहाचं लग्न ठरलं तेव्हा शाल ठरली. दोरा कुंदाचा, विणायची मी. खांद्यापाशी लोण्यासारखा पिवळा आणि उतरत उतरत काठाला जांभळाचा रंग, पिकून काळा पडतो ना, तसा. पाच लड्या लागणार होत्या. चार रंगवून झाल्या आणि कुंदाचे डोळे पिवळे दिसायला लागले. आम्ही साधी कावीळ समजून उसाचा रस पाजत बसलो. साधी नव्हती, स्वादुपिंडात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी नेहाला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. दाखल केलं त्या दिवशी कुंदाची नखं निळी होती, चौथ्या लडीची. सिस्टर घाबरल्या, त्यांना वाटलं ऑक्सिजन उतरला. धावपळ सुरू झाली तशी कुंदा म्हणाली, "अहो सिस्टर, रंग आहे तो. मी अजून आहे." सगळे हसले. मीही हसले... आणि बाहेर जाऊन जिन्यात बसून रडले.

सकाळी नेहा, संध्याकाळी मी, अशी पाळी होती. चौथ्या की पाचव्या दिवशी तिने विचारलं, "शाल कुठवर आली?" मी म्हटलं, "निळ्यापर्यंत. दोरा संपत आलाय." तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "डायरी आणलीस ना? लिहून घे." मला समजलंच. शेवटच्या लडीचं माप. ती माप सांगतेय याचा अर्थ पाचवी लडी आपण रंगवणार नाही, हे तिने धरून टाकलंय. मी चिडले, खरंच चिडले. "काही लिहायचं नाहीये. घरी ये, दार उघड, तुझ्या ओट्यापाशी बसून लिहीन. तोवर नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं बाई."

दोन दिवसांनी पुन्हा म्हणाली, "आज तरी लिहून घे." मी पिशवी उघडल्यासारखं केलं आणि सांगितलं, पेन चालत नाहीये. धादांत खोटं. तिसऱ्या वेळी तिला बोलायला त्रास होत होता. "लिही..." एवढंच म्हणाली. मी ओल्या कापसाने तिचे ओठ पुसले आणि म्हटलं, "दमू नकोस. उद्या." मला वाटत होतं मी तिला धीर देतेय. मी लिहिलं नाही तर ती जाणार नाही, असं काहीतरी माझ्या मनाने घेतलं होतं. आयुष्यभर पापडवालीचा पत्ता लिहिणारी मी, आणि कुंदाने तीनदा मागून मी एक ओळ लिहून घेतली नाही. तिसऱ्यांदा म्हणाली तो सोमवार होता, आदला दिवस.

दहा दिवस झाल्यावर मी पाचवी लडी रंगवायला घेतली. ते तरी करायचं, एवढंच हातात होतं. तोच दोरा आणला, तेच रंग, दोन खुर्च्या मांडल्या. एका खोलीत लडी लांब होईना, तर ती दारातून जिन्यापर्यंत नेली. निळा जमला पण जांभळ्याकडे वळताना चिखल झाला. दुसऱ्यांदा मधोमध पट्टा उमटला, कुंदाला उचकी लागली असती असा. तिसऱ्यांदा रंग धरलाच नाही, सगळा मोरीत वाहून गेला. सहा लड्या वाया घालवल्या. हात कोपरापर्यंत डागाळले. वाण्याने विचारलं, "काय ताई, होळी का आत्ता?" मी त्याच्यावर एवढ्या जोरात ओरडले की तो बिचारा सुटे पैसे मोजायला लागला. सातव्या लडीच्या वेळी मी मोरीत बसून कुंदाला शिव्या दिल्या. सांगायचं होतं ना आधी! दार लावून कसली बसायचीस! मग आठवलं, सांगत होती. तीनदा सांगत होती.

शेवटी नेहाकडे गेले. म्हटलं, आईची वही शोधूया, कुठेतरी माप लिहिलेलं असेलच. ओट्याखाली वाट्या होत्या, डागाळलेली परात होती, रंगाच्या बरण्यांवर चिठ्ठीसुद्धा नव्हती. "कसली वही?" नेहा म्हणाली. "मावशी, आई कधी मोजायची नाही. चिमटीने टाकायची, भाजीत मीठ टाकतात तसं. थोडं टाकायचं, बघायचं, परत थोडं. तिला स्वतःलासुद्धा तोच रंग दुसऱ्यांदा जमायचा नाही. तुला आत येऊ द्यायची नाही ते त्याचसाठी. म्हणायची, बँकवालीने बघितलं तर वजनकाटा आणेल." आणि ती हसली, आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

माप नव्हतंच. मग ती मला काय लिहून घ्यायला सांगत होती?

नेहाला विचारलं, तुला कधी काही लिहून घे म्हणाली? नाही म्हणाली. "मला रोज सकाळी एवढंच विचारायची, आज मावशी डायरी आणेल ना." म्हणजे लेकीला सांगण्यासारखं नव्हतं, किंवा लेकीबद्दलच होतं, किंवा माझ्याबद्दल. पन्नास वर्षांत माझं काही चुकलं असेल, ते बोलायचं असेल. काही मागायचं असेल. कशाची भीती वाटत असेल. मी रोज नवीन काहीतरी धरते आणि दुसऱ्या दिवशी ते खोटं वाटतं. तिला विचारायची सोय नाही. एवढं हताश मला आई-वडील गेले तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान त्यांचं बोलून झालं होतं.

नेहा म्हणते, शाल आहे तेवढीच दे, निळ्यावर संपव, सुंदर दिसते. देईन. काठ बंद करून परवाच ठेवली आहे. पण दुपार झाली की मला घरात बसवत नाही. प्रभादेवीहून बस पकडून फणसवाडीत जाते. नेहा ऑफिसात असते, किल्ली माझ्याकडे आहे. स्वयंपाकघराचं दार उघडून ओट्यापाशी पाट घेते, डायरी उघडते, तारीख टाकते आणि म्हणते, "सांग कुंदा, लिहून घेते." शेजारच्या काकूंनी ऐकलंय बहुतेक, हल्ली त्या माझ्याशी फार हळू आवाजात बोलतात. बोलू देत. मी पेन धरून बसते. सहा वाजले की भेटायची वेळ संपते, म्हणून उठते.