लाइट बिलांचा फोल्डर

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला एकच व्यसन आहे, लिनक्सचं. रेवदंड्यात कुणाचा जुना कॉम्प्युटर रडतखडत चालतोय असं कळलं की मी पेनड्राइव्ह घेऊन त्याच्या दारात हजर. चहा झाला की माझं कीर्तन सुरू होतं: विंडोजच्या जागी बसणारी ही सिस्टीम फुकट आहे, आतला सगळा कोड उघडा आहे, कुणीही वाचावा, सुधारावा, पुढे वाटावा. ज्ञान दडवून ठेवणारा माणूस माझ्या पहिल्यापासून डोक्यात जातो. बायको म्हणते, "लष्करच्या भाकरी भाजा तुम्ही." मी ऐकत नाही.

लिनक्सचे त्रासही मी भोगलेत. माझ्या प्रिंटरने तीन दिवस अबोला धरला होता. सरकारी अर्जाला लागणारी डिजिटल सही अजून चालत नाही, त्यासाठी दुसऱ्याच्या दुकानात जावं लागतं. काही बिघडलं तर अलिबागचा दुरुस्तीवाला लांबूनच हात जोडतो. मग कुठल्याशा परक्या माणसाने इंटरनेटवर लिहून ठेवलेलं वाचत आपणच खटपट करायची. पण भंगारात निघालेलं मशीन पुन्हा धावायला लागतं, आणि कुणाच्याही पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसची धास्ती कमी होते. मला हा सौदा परवडतो.

गेल्या पावसाळ्यात ताईने बोलावलं. ताई माझी मोठी बहीण, घर बंदराला लागून. मासेमारी बंद होती, बोट वर ओढून ठेवलेली. भावोजी दोन वर्षांपूर्वी अचानक गेले. बोटीचे तांडेल तेच, सुकाणू त्यांच्याच हातात असायचं. त्यांचा कॉम्प्युटर तेव्हापासून जुन्या साडीखाली झाकलेला होता. भाचा कारखान्यातली नोकरी सोडून घरी आला, दोन हंगाम दुसऱ्याच्या बोटीवर शिकला, आणि आता नारळी पुनवेनंतर बापाची बोट पहिल्यांदा स्वतः नेणार होता.

ताईला फक्त जुने फोटो पाहायचे होते. पण मशीन सुरू होईपर्यंत तिचा भात शिजून झाला. मी म्हटलं, लिनक्स बसवतो, एका दुपारचं काम आहे. फोटो, लग्नाचे व्हिडिओ, भाच्याची सर्टिफिकेटं पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. एक फोल्डर 'लाइट बिलं' नावाचा होता. तो मी उघडलासुद्धा नाही. गेलेल्या माणसाची भरलेली बिलं कोण जपतं? आधी सगळ्याची नक्कल ठेवा, हे मी गावाला शिकवतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. सगळी डिस्क पुसून बसवू का, असं मशीनने विचारलं. मी हो म्हटलं.

लिनक्स झकास चाललं. ताई फोटो पाहून रडली, हसली, मला तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी वाढली. चार दिवसांनी भाचा नवं जीपीएस घेऊन आला.

"मामा, बाबांचे पॉइंट या मशीनवर काढून दे."

"कसले पॉइंट?"

"लाइट बिलांत हायत ना."

समुद्राच्या तळाशी खडक कुठे आहे, बुडालेला मालवाहू बार्ज कुठे आहे, जाळं कुठे अडकतं, हे आकडे म्हणजे तांडेलाचं गुपित. तो ते सख्ख्या भावालाही सांगत नाही, फक्त मुलाला देतो. भावोजींचं जुनं जीपीएस खाऱ्या हवेने खाल्लं होतं. त्याआधी त्यांनी आयुष्यभराचे पॉइंट कॉम्प्युटरवर उतरवले होते, आणि कुणी डोकावू नये म्हणून घरातल्या सगळ्यात कंटाळवाण्या नावाखाली ठेवले होते. ते पॉइंट नसताना बोट नेणं म्हणजे आंधळ्यासारखं जाळं टाकणं. जाळं गेलं तर हंगाम जातो. पाण्याच्या जोराच्या ओढीत अडकलं तर बोट कलंडते, आणि मग माणसंही जातात.

पुसलेलं परत आणणारी साधनंही फुकट मिळतात. दोन दिवस खपलो. भावोजींच्या हातातल्या एका घोळ माशाच्या फोटोचा वरचा अर्धा भाग तेवढा मिळाला. ताईला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "तू शिकलेला, म्हनून तुज्या हातात दिला." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोळीवाड्याच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा तांडेल राहतो. दर्यावर त्याची नि भावोजींची जन्मभर चढाओढ. मी त्याच्याकडे गेलो. तो जाळं विणत बसला होता. झालेलं सगळं सांगितलं आणि सरळ त्याचे पॉइंट मागितले.

"मास्तर," तो हात न थांबवता म्हणाला, "पॉइंट कुनी मागत न्हाय आन कुनी देत न्हाय." मी उठून आलो.

पुनवेच्या आदल्या सकाळी तो ताईच्या दारात उभा राहिला. हातात शाळेची वही, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली.

"माजं जालं बार्जला अडकलं होतं," तो ताईला म्हणाला. "बोट पार कललेली. तुज्या नवऱ्यानं येऊन सोडवलं. बंदरात आल्यावर त्याचे सगले पॉइंट मला लिवून दिले. कुनाला बोलू नको म्हनून आन घातली. आजवर बोललो न्हाय. पन आता त्याचाच पोर निघालाय."

ताई पदराने डोळे पुसत वही घेऊन आत आली. माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना. ज्यांना मी मनातल्या मनात चिक्कू म्हणत होतो, त्या भावोजींनी आपलं सगळ्यात मोठं गुपित वैऱ्याला देऊन टाकलं होतं, आणि घरात कुणाला कळलंही नव्हतं.

भाचा आकडे वाचत गेला, मी टाइप करत गेलो, म्हातारा ओळींवर बोट ठेवून पडताळत गेला. घरून आणलेला माझा प्रिंटर पहिल्या फटक्यात चालला. निघताना म्हातारा म्हणाला, "मास्तर, तुमच्या त्या फुकटच्या सिस्टीमसारखं गावभर वाटू नका." मी मान डोलावली.

फोल्डरला नाव द्यायचं होतं. मी ताईकडे पाहिलं. "त्यांनी ठेवलेलं तेच," ती म्हणाली. मग पेनड्राइव्ह माझ्या हातात देऊन म्हणाली, "एक कॉपी तुज्या घरी ठेव. तुज्याकडं असली की मला घोर न्हाय."