लांब पायाचा क्रूस

बस्त्याव सरांनी शीट उजेडात धरली, वरून खाली नजर फिरवली आणि म्हणाले, "फिलूबाय, एक नंबर. रेषा बघा कशी बसलीय!"

या माणसाने आजवर माझं एकही काम पहिल्या फटक्यात पास केलेलं नाही. केसभर रंग सरकला तरी भिंग काढून दाखवणार, "हे बघा, निळा पिवळ्यावर चढलाय." कॉम्प्युटरवर डिझाइन करणारी माझी भाची ग्लेन्सी तर ते दारात दिसले की म्हणते, "मावशी, तुमचे ऑडिटर आले."

वसईजवळ सातिवलीला माझा स्क्रीन प्रिंटिंगचा गाळा आहे. नवरा होता तेव्हा मी फक्त डबा घेऊन यायचे. तो गेल्यावर स्क्वीजी हातात घेतली, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी. शिकवलं कुणी नाही, बिघडवून बिघडवून शिकले. मिक्सरचे, पंख्यांचे स्टिकर हे आमचं रोजचं. सरांचं काम वेगळं. ते जुन्या लढायांमधली विमानं छोटी करून बनवतात आणि त्यांच्यावरच्या खुणा मी छापते. त्याला डेकल म्हणतात. कागद पाण्यात बुडवला की चित्र सुटं होतं, मग ते अलगद विमानावर सरकवायचं.

या वेळी रुमानियाचं लढाऊ विमान होतं, दुसऱ्या महायुद्धातलं. सर शाळेत इतिहास शिकवायचे, त्यामुळे ऑर्डरसोबत धडा फुकट. म्हणाले, लढाईत वैमानिकाला शत्रूइतकीच भीती आपल्या माणसांची. खालच्या तोफवाल्याला वर एवढासा ठिपका दिसतो, तो थोडाच विचारत बसणार? म्हणून अंगावर पिवळा पट्टा आणि पंखांवर निळ्या किनारीचा पिवळा क्रूस. तिथल्या राजाच्या नावातलं एम हे अक्षर चारही बाजूंनी जोडून केलेला. "खूण म्हणजे काय फिलूबाय, 'मारू नका रे, मी तुमचाच' असं ओरडणं."

सर शीट घेऊन गेले. मी त्यांनीच दिलेला नमुन्याचा फोटो फाइलला लावायला घेतला आणि बघतच राहिले. फोटोत क्रूसाचे चारही हात सारखे. आमच्या क्रूसाचा खालचा पाय लांब.

"ग्लेन्सी, हे काय गं?"

"मावशी, मला वाटलं फोटो खालून कापलाय. बिनपायाचा क्रूस कुठे असतो?"

तिला काय बोलणार? प्रूफ मीच पास केलेलं. क्रूस म्हटलं की आम्हा वसईकरांच्या डोळ्यांसमोर नाक्यावरचा क्रूसच येतो, चौथऱ्यावर उभा, लांब पायाचा. हात आपोआप तोच काढतो.

पण मला चूक एवढी खुपत नव्हती. ती सरांना दिसली नाही, हे खुपत होतं.

नवी शीट छापून आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. दार मोनिकाबायने, त्यांच्या बायकोने उघडलं. हळूच म्हणाली, "स्कूटर विकली. डॉक्टर म्हणतो, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळा. कुणाला सांगत नाहीत. हे एक विमान होऊ दे, एवढंच म्हणतात. शाळेच्या काचेच्या कपाटात ठेवायचंय."

आत गेलो तर विमान तयार. वरून लॅकरचा पारदर्शक थरही मारून झालेला. नखाने अंदाज घेत घेत सगळं सरळ लावलं होतं. आणि पंखांवर ते दोन लांब पायाचे क्रूस.

गप्प बसता आलं असतं. मोनिकाबाय डोळ्यांनी तेच सांगत होती. पण कपाटापुढे उभं राहून कुणीतरी हसलं असतं, आणि ते सरांवर.

"सर, क्रूसाचा खालचा पाय लांब झालाय. चूक आमची."

त्यांनी पंखावरून अंगठा फिरवला. लॅकरखाली काय लागणार?

"किती लांब?"

"दिसण्याइतका."

"दिसणाऱ्याला," ते म्हणाले.

मोनिकाबाय उठून स्वयंपाकघरात गेली.

मग सरच बोलले. "काढायचा नाही. खालचा रंग निघेल. रुमानियाने लढाईच्या मधेच बाजू बदलली. काल ज्यांच्या सोबत, आज त्यांच्यावरच गोळ्या. मग क्रूस झाकले आणि गोल आले. आत निळा, मग पिवळा, बाहेर लाल. विमानं तीच, माणसंही तीच. तुम्ही गोल छापा. खाली पांढरा जाड घ्या."

डेकलचा रंग पातळ असतो, खालचं वर दिसतं. म्हणून आधी पांढरा थर द्यावा लागतो. मी दोनदा दिला.

गोल ग्लेन्सीने लावले. सर विमान धरून बसले होते. "सरळ?" विचारायचे. "सरळ," ती म्हणायची. तरी क्रूसाच्या पायाचं टोक गोलाखालून पिवळं डोकावत राहिलं. गोल आणखी मोठा केला तर पंखाबाहेर जात होता. तेही मी सांगितलं.

"राहू दे. घाईत बाजू बदललेल्यांचं असंच दिसत असणार."

निघताना त्यांनी भिंग ग्लेन्सीच्या हातात ठेवलं. "ऑडिट आता तू कर."

विमान शाळेत आहे. सर गाळ्यावर पुन्हा आलेले नाहीत.

आमच्याकडे आता ऑर्डरवर आकाराचं नाव लिहीत नाहीत. 'क्रूस' लिहायचं नाही, 'चार हात, चारही सारखे' असं लिहायचं. आणि एक. सतत खोड काढणारं गिऱ्हाईक एखाद्या दिवशी पहिल्याच फटक्यात काम पास करून गेलं, तर खूश होऊ नये. त्याच्या घरी फोन करावा.