बारक्याची तोंडी परीक्षा

मिस्त्रीच्या हाताखाली तीस-चाळीस माणसं राबली. त्यातली दोन-चार निव्वळ दगड होती, पण त्यांनाही त्याने भिंतीला ओळंबा धरायला शिकवलं. हरला तो फक्त स्वतःच्या धाकट्या भावापुढे.

धाकटा म्हणजे एकाहत्तर वर्षांचा. तरी थोरल्यासाठी तो बारक्याच. बारक्या अडतीस वर्षं एका मोठ्या ऑफिसात लिफ्टमन होता. नऊ मजले, दिवसाला दोनशे खेपा, आणि कुणाला विचारायची गरज नाही, ज्याला त्याला बरोबर त्याच्या मजल्यावर सोडणार. मिस्त्री आल्यागेल्याला सांगायचा, "माझा भाऊ नसता ना, तर ते सगळं ऑफिस तळमजल्यावरच बसून राहिलं असतं."

आता असा माणूस राहायला कुठे, तर बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा नोकरीला दूरच्या शहरात. गुडघे कुरकुरायला लागले तसा बारक्या आठवड्यातून एकदाच खाली उतरायचा. दूध आणि बिस्किटं घ्यायची की पुन्हा वर. त्यात साखर निघाली. साखरेच्या मागोमाग रक्तदाब आला. गोळ्या सुरू झाल्या.

मिस्त्री दर रविवारी तो जिना चढून जायचा. शहात्तराव्या वर्षी, धाप न लागता. विश्वास नसेल तर त्याला विचारा, तो सांगेलच, न विचारताही सांगेल. वर गेला की आधी गोळ्यांची पाकिटं खिडकीच्या उजेडात धरून मोजायचा.

"ह्या सात तशाच आहेत."

"त्या जेवणानंतरच्या आहेत."

"मग?"

"जेवलो नाही."

"सातही दिवस?"

"चहा घेतला की. बिस्किटं खाल्ली. एकट्यासाठी कोण भांडी काळी करणार, दादा?"

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. साखरेचा रोगी आणि बिस्किटांवर जगतोय. मग त्याने तासभर भावाला ऐकवलं. आपण अजून बांधकामाच्या परांचीवर कसे चढतो, आपल्याला आजवर एक गोळी लागलेली नाही, शरीराला शिस्त कशी लागते. बारक्या खाटेच्या कडेला बसून "हो" म्हणत होता. पुढच्या रविवारी पुन्हा सात गोळ्या तशाच. पालथ्या घड्यावर पाणी. खरा घडा असता तर मिस्त्रीने सुलटा करून तरी ठेवला असता.

मग एक दिवस बारक्याने गॅसवर दूध ठेवलं आणि तो खिडकीशी जाऊन बसला. दूध आटलं, पातेलं जळलं, धूर जिन्यात आला. शेजारणीने दार ठोठावून गॅस बंद करायला लावला आणि तडक बारक्याच्या मुलाला फोन केला. मुलाने मिस्त्रीला लावला.

"काका, बाबांचं डोकं जायला लागलंय. इकडे एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय मी. विसरायचा आजार आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं की लगेच घेतात. फॉर्म आणलाय. खोली काढून टाकू."

"काढून टाकू म्हणजे? ती खोली काय किडकी दाढ आहे?"

"मग तुम्ही सांगा, मी काय करू?"

"तू शेळ्या हाक. उंटावर बसलाच आहेस."

बोलून टाकलं खरं, पण फोन ठेवल्यावर मिस्त्री जेवण अर्धं टाकून उठला. आपल्या घरातलं माणूस आश्रमात? आपण जिवंत असताना? लोकांची घरं बांधली आपण, आणि सख्ख्या भावाची एक खोली टिकवता येऊ नये? डॉक्टरच्या एका कागदावर सगळं येऊन ठेपलं होतं.

त्याने बारक्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला बऱ्या. त्यांनी विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?"

"रविवार," बारक्या म्हणाला.

गुरुवार होता. "रविवार कशावरून?" बाईंनी विचारलं.

"दादा आलाय ना."

तारीख आली नाही. शंभरातून सात वजा करत जा म्हटल्यावर बारक्या गप्पच बसला. बाईंनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, कुलूप, सफरचंद, टोपी. त्यातली टोपी तेवढी आठवली. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि रक्त तपासायला सांगितलं. "पंधरा दिवसांनी या. तेव्हा पुन्हा विचारीन."

पुन्हा विचारीन. म्हणजे परीक्षाच की. आणि परीक्षा कशी पास करतात हे मिस्त्रीला कोणी शिकवायला नको होतं. सहावीपर्यंत तो प्रत्येक वर्ष घोकून पास झाला होता. सातवीत मास्तरांनी प्रश्न फिरवून विचारले, म्हणून नाइलाज झाला, नाहीतर आज गोष्ट वेगळी असती.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू. रोज संध्याकाळी तीन मजले चढून. "वार बोल. तारीख बोल. तीन शब्द बोल. आता शंभरातून सात."

"त्र्याण्णव," बारक्या म्हणायचा, आणि तिथेच लिफ्ट अडकायची.

मिस्त्रीने घरी बसून स्वतः सराव केला, शिकवणाऱ्याला यायला तर हवं. "त्र्याण्णव, शहाऐंशी, अठ्ठ्याहत्तर..."

"एकोणऐंशी," आतून त्याची बायको म्हणाली.

"मला माहीत आहे. तू जागी आहेस का बघत होतो."

"भावोजींना बिचाऱ्यांना वजाबाकी कशाला? चार वर्षं सांगतेय, त्यांना इथे जेवायला बोलवा."

"बोलावलं नाही का मी? येत नाही. कुणाच्या दारी जेवायचं नाही म्हणतो."

"तुम्ही ज्या सुरात बोलावता, त्या सुरात मीपण आले नसते."

मिस्त्रीने हे मनावर घेतलं नाही. परीक्षा तोंडावर आली होती.

पंधराव्या दिवशी दोघे पुन्हा दवाखान्याच्या इमारतीत आले. दवाखाना पाचव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये शिरल्याबरोबर बारक्या बटणांपाशी जाऊन उभा राहिला. पाठ ताठ, हात मागे. "कितवा?" आत येणाऱ्या प्रत्येकाला त्याने विचारलं. सहा जण होते. एकेक मजला आला की तो ज्याच्या त्याच्याकडे बघून हळूच म्हणायचा, "तुमचा आला." एका बाईला तर म्हणाला, "तुमची पिशवी राहतेय." एकही माणूस चुकला नाही.

मिस्त्रीला लाज वाटली. "अरे, आपण पेशंट आहोत," तो पुटपुटला. "पुढे पुढे कशाला करतोस? तारीख घोक."

आत बाईंनी वार विचारला, तारीख विचारली. बारक्याने धडाधड सांगितलं. मिस्त्रीने मिशीवरून हात फिरवला. मग बाई म्हणाल्या, "आता तीन शब्द सांगते. घोडा, चमचा, रस्ता." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कोणते होते?"

"कुलूप, सफरचंद, टोपी," बारक्या खणखणीत म्हणाला.

"बाई, तुम्ही पेपर बदलला," मिस्त्री म्हणाला. "हे बरोबर नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. उत्तरं घोकून घेतलीत हे त्यांच्या लक्षात आलं. मिस्त्रीला त्यांनी हाताने गप्प राहायची खूण केली आणि बारक्याकडे वळल्या. "आजोबा, काल कुणाशी बोललात?"

"दादा आला होता."

"काय बोललात?"

"दादा बोलतो. मी उत्तरं देतो."

"त्याच्या आधी?"

"दूध जळलं तेव्हा शेजारीण आली होती. पण तीच बोलली."

"मग तुम्ही स्वतः शेवटचं कधी बोललात कुणाशी?"

बारक्याने विचार केला. घाई केली नाही. "आत्ता," तो म्हणाला. "लिफ्टमध्ये."



बाईंनी रक्ताचे कागद समोर ओढले. "विसरायच्या आजाराचं मी आज लिहून देणार नाही. थोडा विसर आहे, तो वाढतोय का ते बघत राहू. वजाबाकी येत नाही ती शाळेची गोष्ट झाली, डोक्याची नाही. पण साखर खूप आहे, दाब खूप आहे, आणि हे असंच राहिलं तर डोकंही जाईल. ते जेवत नाहीत, कारण समोर कोणी नसतं. जेवत नाहीत म्हणून गोळी नाही. खाली उतरायला कारण नाही म्हणून उतरत नाहीत, आणि उतरत नाहीत म्हणून पाय आणखी आखडतात."

"मग औषध कोणतं?"

"आहेत तीच. पण सोबतीबरोबर घ्यायची."

"मी रोज जातोय की," मिस्त्री वैतागला. "पंधरा दिवस रोज. माझे गुडघे काय लोखंडाचे आहेत?"

"जाताय, पण परीक्षा घ्यायला," बाई म्हणाल्या आणि बारक्याला विचारलं, "तुम्हाला काय हवंय, आजोबा? आश्रमात जायचंय?"

हे त्याला आजवर मुलाने विचारलं नव्हतं. मिस्त्रीनेही नाही.

"आश्रमाला माझी ना नाही," बारक्या म्हणाला. "तिथे माणसं असतील. पण खोली माझी आहे. तीच राहू दे."

ना नाही, हे मिस्त्रीला फार लागलं.  रस्त्यावर आल्यावर तो म्हणाला, "संध्याकाळी आमच्याकडे जेवायला येत जा. रोज. तळमजला आहे. पायऱ्या दोनच आहेत, आणि त्या मी बांधल्यात."

"येईन," बारक्या म्हणाला. "पण जेवताना तू गप्प बसायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे गप्प. मी बोलणार."

घरी मिस्त्रीने हे सांगितलं तर बायको पदर तोंडावर धरून हसली. "भावोजींनी बरं मागून घेतलं. मला पन्नास वर्षांत नाही जमलं."

तीन महिने झाले. बारक्या रोज सातला काठी टेकत येतो, ताट संपवतो, वहिनीसमोर गोळी घेतो आणि परत आपल्या खोलीवर जातो. साखर बरीच उतरली. दाब अजून हट्टाला पेटलाय. गुडघे होते तसेच. वार विचारला तर अजून अडखळतो. मिस्त्री गल्लीभर सांगत सुटलाय की भावाची साखर त्याने उतरवली. पुतण्याला त्याने फोन करून बजावलं, "तो फॉर्म फाडून टाक."

"फाडत नाही, काका," पुतण्या म्हणाला. "बाजूला ठेवतो. बघू."

ते "बघू" मिस्त्रीच्या डोक्यात दगडासारखं बसलंय. म्हणून सात वाजले की तो तोंड मिटून ताटावर बसतो. बारक्या सांगत असतो. मोठे साहेब आणि तो चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये कसे अडकले, साहेबांना कसा घाम फुटला. परवा ते दोन तास अडकले होते, काल तीन. मिस्त्रीने ही गोष्ट ती घडली त्या वर्षीच ऐकली होती, आणि खरं तर ती वीस मिनिटं होती. सांगायला जीभ वळवळते. बायको त्याच्याकडे बघते, आणि मग बारक्याकडे. "मग पुढे काय झालं, भावोजी?"

आज भात कालवता कालवता बारक्या मध्येच थांबला. "दादा, आमची लिफ्ट एकदा अडकली होती. तुला सांगितलं का रे?"

मिस्त्रीने घास गिळला, दात आवळले, आणि मान हलवून नाही म्हटलं.