पडद्यामागची तार
केवड्याचा वास आला की मला हिंदी मुलखातल्या आमच्या चेरीताल मोहल्ल्यातल्या घरातली महालक्ष्म्यांची ती दुपार आठवते. बहिणीची ऑनलाइन मुलाखत होती, आणि तिच्या आतल्या खोलीत वायफाय पोचत नसल्याने हॉलमधल्या राउटरपासून भिंतीच्या कडेने तार नेलेली होती. नेमकी ती सकाळपासून बंद पडली होती. मी राउटर बंद करून चालू केला, तारेची टोकं पुसून पुन्हा खोचली, दुसऱ्या खाचेत लावली, पण राउटरवरचा तिचा दिवा काही लागेना. "दादा, दहाच मिनिटं राहिली, कुछ तो करो," बहीण आतल्या खोलीतून ओरडली. मी आईवर ओरडलो, की काल झाडताना तूच तार ओढली असशील. पुरणाने भरलेले हात तसेच धरून ती म्हणाली, "काहून चिडून राहिला? ओढल्या गेली असेल माझ्या हातून." मग मी तार चाचपत सरकलो आणि महालक्ष्म्यांच्या मागे माझं बोट अडलं. मखराच्या पडद्यासाठी आदल्या संध्याकाळी मीच ठोकलेला खिळा तारेच्या आरपार गेला होता. नवी तार ओढायला वेळ नव्हता, म्हणून बहिणीला राउटरजवळ, महालक्ष्म्यांशेजारीच बसवलं आणि छोटी तार जोडून दिली. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना आईने मुलाखत संपेपर्यंत अंगणात गप्प बसवून ठेवलं. तेवढ्यात मी कुणाला दिसू नये म्हणून केवड्याचं एक पान त्या खिळ्यावर खोचलं; आईला त्या खिळ्याचं मी कधीच सांगितलं नाही. बहिणीला ती नोकरी लागली. आई मात्र आजही झाडताना त्या भिंतीपाशी थांबते आणि मला विचारते, "इथे झाडू का रे?"