खालची सहा नावं

शिक्षण संस्थेच्या ऑफिसात पाच जणांना कपबशीतून चहा आला. मला कागदी कपात. ट्रे घेऊन आत आला तो माझा बाप. तिथं शिपाई होता तो. माझ्यापुढं कप ठेवताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

आम्ही पेडगावचे. बौद्ध. कॉम्प्युटर शिकून मी शाळांच्या ग्रंथालयासाठी मराठीत प्रोग्राम लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही घ्यावा, बदलावा. चारठाण्याच्या एका बाईंनी त्यातले शब्द सोपे केले. गंगाखेडच्या एका गुरुजींनी चुका दाखवल्या. असे आम्ही सहा जण झालो. प्रोग्राम उघडला की पडद्यावर तळाशी एका ओळीत आमची सहा नावं दिसायची. प्रोग्राम फुकट. तो बसवून देणं, शिकवणं, बिघडला तर नीट करणं, याचे पैसे. त्यावर धंदा उभा करायचा होता. संस्थेच्या सगळ्या शाळांचं काम मिळणार होतं.

सचिव म्हणाले, "खालची ती सहा नावं काढ. संस्थेचं नाव टाक."

मी म्हणलं, "सर, वापरा, बदला. नावं तेवढी ठेवायची. एकच अट हाय."

"फुकटच्या मालाला कसली अट? तुमच्या लोकांना फुकट घ्यायची सवय. आता तूच वाटायलीस, तर लय शहाणी झालीस का?"

सगळे हसले. बाप दाराशीच उभा होता.

चहाला मी हात लावला नाही. "नावं निघणार न्हाईत," म्हणलं आणि उठले.

पुढच्या आठवड्यात बापाची बदली झाली. जिंतूरकडं. गुडघे गेलेला माणूस, दोन एसट्या बदलून जायला लागला. माझ्याशी बोलायचं त्यानं बंद केलं. एकदाच म्हणाला, "एक ओळच तर होती, माय."

उन्हाळ्यात सचिवांचा फोन आला. संस्थेनं दुसऱ्या कुणाकडून नावं पुसून प्रोग्राम बसवला होता. पुस्तकांच्या नोंदी गायब झाल्या होत्या. "नीट करून दे. बापाला परत आणतो. नावांचा हट्ट सोड."

बाप समोर बसून गुडघ्याला तेल लावत होता. त्याला सगळं ऐकू गेलं. तो मान खाली घालून तेल चोळत राहिला.

मी म्हणलं, "आधी लेखी करार. आणि सहाही नावं जिथल्या तिथं. त्याशिवाय हात लावणार न्हाई."

फोन कट झाला.

बाप आजही पहाटे एसटीला जातो. दोन लहान शाळांनी करार केलाय. तेवढ्यावर घर चालत नाही. तरी मी हेच काम करणार, याच अटीवर. बापाचं दुखणं मला दिसतं. त्यात माझा हात आहे, हेही कळतं. नावं निघणार नाहीत.